लेझर क्लॅडिंगला उष्णता लागत नाही, हे कोणी सांगितलं?

लेझर क्लॅडिंग म्हणजे धातूची पावडर लेझरने वितळवून पार्टवर नवा थर चढवणं. त्याबद्दल जळगाव-धुळ्याच्या वर्कशॉपवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'स्टीलवर लेझरचा थर चढवा, पार्ट पुन्हा झिजणार नाही. जॉबला उष्णता लागत नाही, त्यामुळे आधी तापवायची गरज नाही. पावडर जितकी कडक आणि थर जितका जाड, तितकं आयुष्य जास्त.' यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यावर विसंबून चांगले शाफ्ट भंगारात जातात.

'उष्णता लागत नाही.' लागते, फक्त तिचा पट्टा अरुंद असतो. पावडरीसोबत जॉबचा वरचा पापुद्राही वितळतो, म्हणून तर थर धातूशी एकजीव होतो. थरात मूळ लोखंडाची भेसळ ५ टक्क्यांच्या आसपास ठेवता येते. आर्क हार्डफेसिंगमध्ये, म्हणजे वेल्डिंगने कडक थर चढवताना, ती सहज २० टक्क्यांपुढे जाते. खरा फायदा हाच. पण खालचं थंड लोखंड ही उष्णता क्षणात ओढून घेतं. ईएन८, ईएन२४ या स्टीलच्या जातींमध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के. असं स्टील झटकन गार झालं की थराखाली मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलचं कडक पण ठिसूळ रूप, तयार होतं, वरचा थर आकसताना ताणतो आणि तडा जातो. म्हणून ईएन२४ चा शाफ्ट २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच काम सुरू करायचं आणि नंतर सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून हळूहळू गार होऊ द्यायचा. कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलला एवढं लागत नाही.

'जितकं कडक तितकं चांगलं.' झीज कशाने होते ते आधी बघा. पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडर स्क्रूला खडूची भुकटी घासते आणि पीव्हीसी जळलं तर निघणारं आम्ल खातं. तिथे निकेल बेसची ६० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपासची पावडर शोभते. दगडाळ रानातल्या रोटाव्हेटरच्या पात्यावर तोच थर टवके उडून जाईल. टंगस्टन कार्बाइड मिसळलं असेल तर पॉवर वाढवू नका: दाणे विरघळतात, उरलेले जड असल्याने तळाशी बसतात.

जाडीचं म्हणाल तर लेझरच्या एका पासला (फेरीला) साधारण १ मिमी. पुढच्या प्रत्येक पासने आतला ताण वाढतो. झिजलेलं माप भरून ग्राइंडिंगला ०.३ मिमी ठेवलं की पुरे.

जुनं हार्ड क्रोम (क्रोमचा मुलामा) किंवा नायट्राइडिंग (नायट्रोजन मुरवून कडक केलेला पापुद्रा) असेल तर ते आधी लेथवर टर्न करून पूर्ण काढा, नाहीतर गॅस सुटून थरात छिद्रं पडतात. ओलसर पावडरीनेही तेच होतं. ती १०० ते १२० अंशांवर तासभर सुकवा. ग्राइंडिंगनंतर डाय पेनिट्रंट टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधणं) केल्याशिवाय जॉब पाठवू नका.

आणि 'पुन्हा झिजणार नाही'? अलाइनमेंट चुकलेलं असेल तर बेअरिंग सीट, म्हणजे शाफ्टवरची बेअरिंग बसायची जागा, याही थरासकट झिजेल.