पाच वर्षांच्या पुढचंही लिहा
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा तुमचा लेख वाचला. त्यात केमो आणि रेडिएशन एकत्र दिल्याचा फायदा नीट सांगितलाय. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तेच सांगतो: ३बी टप्प्यातल्या, म्हणजे आजार बराच पुढे गेलेल्या ८५० बायकांपैकी नुसतं रेडिएशन घेतलेल्या ४६ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्या ५४ टक्के. शंभरातल्या आठ जणी जास्त, हे थोडं नाही!

पण त्या पुढे जगतात कशा, यावर लेखात अक्षरही नाही. माझ्या मावशीचा आजार गेला आणि दोनेक वर्षांनी शौचावाटे रक्त जायला लागलं. एसटीने कुठे जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून ती जेवायची नाही. हा रेडिएशनचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो, हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. कॅन्सर उलटला म्हणून सगळं घर हादरलं. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्यांमध्ये आयएमआरटी (हवं तिथेच नेमकं रेडिएशन देण्याचं) तंत्राने आतड्यांचा हा त्रास जवळपास निम्म्यावर येतो, हे टाटाच्याच 'पार्सर' चाचणीत दिसलंय. रेडिएशनने योनीमार्ग आखडतो, त्यासाठी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरायचा असतो, हे तर कित्येकींना कोणी कुजबुजूनही सांगत नाही. फॉलोअपला डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवं. आणि बायांनो, रक्त दिसलं तर अंगावर काढू नका, लगेच रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा.