एकच पोस्टर सगळ्यांना पुरत नाही
'एकच पोस्ट सगळीकडे टाका' हा एका लेखातला सल्ला सामाजिक संस्थांनी कृपया ऐकू नये. रक्तदान शिबिराचंच घ्या. तारीख, वेळ, पत्ता नुसता चित्रात असेल तर अंध व्यक्तीच्या फोनमधलं, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक तो नीट वाचेल याची खात्री नाही. तोच मजकूर खाली टाइप करा. वाचायला जड जातं त्यांना तिथल्या बोलीत 30 सेकंदांचा व्हॉइस मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय) 256 जणच बसतात, त्यातही संस्थेचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच मेसेज पोचतो. घोडं अडतं ते इथेच! म्हणून नावनोंदणीच्या टेबलावरच लोकांच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर सेव्ह करून घ्या. आणि बायकांना न विचारता ग्रुपात जोडू नका. नंबर सगळ्यांना दिसतो, नको ते फोन येतात, त्या मुकाट्याने बाहेर पडतात.