सातवा महिना, अडतिसावा आठवडा आणि माझ्या लेखात राहून गेलेला भाग

आदरणीय काकू, सप्रेम नमस्कार.

गरोदरपणात अडतिसाव्या आठवड्यापर्यंत नोकरी केल्याचा माझा अनुभव मी लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात मला राग आला आणि दुसऱ्या वाचनात त्यातले निम्मे पटले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे थोडक्यात सांगते. तुमच्या मुलीला सातवा महिना सरत आला आहे. ती गोव्यातल्या कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे, दिवसाचे सात-आठ तास उभी असते आणि डिचोलीहून स्कूटरने ये-जा करते. ओटी भरली की काम बंद करायचे ही तुमच्या घरची रीत असताना ती आता माझा लेख पुढे करून तुम्हाला गप्प करते. "तुमचे खुर्चीवरचे काम, तुम्हाला लिहायला काय जाते? उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण?" असा तुमचा प्रश्न आहे.

खुर्चीवरच्या कामापासून सुरुवात करते, कारण माझी खरी चूक तिथेच झाली आहे. माझे काम मुळात खुर्चीवरचे नव्हते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मी अ‍ॅनालिस्ट होते आणि ते काम उभ्यानेच चालते. शेवटचे दहा आठवडे मी खुर्चीवर होते हे खरे, पण ती खुर्ची मला मागून घ्यावी लागली होती, आणि नेमका तोच भाग मी लेखात गाळला. २० जुलै २०१८ हा माझा कामाचा शेवटचा दिवस होता एवढेच मी लिहिले आणि त्या तारखेचे थोडे मिरवलेही. त्या दिवशी मी जे काम करत होते त्यात माझे नेहमीचे काम जवळजवळ काहीच उरले नव्हते, हे लिहायला हवे होते. मी काम एका दिवशी थांबवले नाही. ते सातव्या आठवड्यापासून एकेक करून सोडत आले होते.

सातव्या आठवड्यात सोडले ते विद्रावकांचे, म्हणजे औषध विरघळवायला वापरायच्या द्रव रसायनांचे काम. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला सांगू नये, असे आपल्याकडे म्हणतात आणि माझ्या आईनेही ते बजावले होते. पण बाळाचे अवयव घडण्याचा काळ हाच पहिल्या दोन-तीन महिन्यांचा असतो, आणि मी रोज मिथेनॉल व अ‍ॅसिटोनायट्राइल मोजून मिसळत होते. वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड होता, हातमोजे होते, तरी सांडलेले पुसताना वास यायचा तो यायचाच. मी आईला न विचारता आमच्या सुपरवायझर बाईंना सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ते काम दुसऱ्याकडे दिले आणि लॅबमध्ये कारण विचारणाऱ्यांना "तिला अ‍ॅलर्जी झाली आहे" असे सांगून माझे गुपितही राखले. पुढे आईला कळले तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. आज कोणी मला विचारले की संपूर्ण गरोदरपणातला काम थांबवण्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, तर मी हाच सांगेन. जिचा संबंध रसायने, कीटकनाशके, क्ष-किरण किंवा कर्करोगावरच्या औषधांशी येतो, तिने आठव्या महिन्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

विसाव्या आठवड्यात रात्रपाळी सुटली. उभ्याचे काम मात्र मी आणखी आठ आठवडे ओढले, आणि ते ओढायला नको होते असे आता वाटते. गोळी पोटात किती वेळात विरघळते हे तपासण्याचे एक यंत्र असते. त्यात सदतीस अंश तापमानाच्या पाण्यात सहा भांडी बुडवलेली असतात, प्रत्येकात एक गोळी सोडायची आणि मग दहा, पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटांनी प्रत्येक भांड्यातून सिरिंजने नमुना काढायचा. वेळ चुकली तर सगळी तपासणी बाद, म्हणून मध्ये बसता येत नाही आणि लघवीला जाण्याचीही पंचाईत होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एका दुपारी तिसऱ्या भांड्यातून नमुना काढताना माझे पोट यंत्राच्या कडेला टेकले आणि लक्षात आले की मी मघापासून कमरेत वाकडी होऊन, एका पायावर भार देऊन उभी आहे. बुटांवरची आवरणे तर मला त्याआधीच वाकून चढवता येईनाशी झाली होती. एक मुलगी रोज माझ्यासमोर उकिडवी बसून ती चढवायची. त्याच संध्याकाळी मी लेखी अर्ज दिला आणि मला नोंदवह्या तपासण्याच्या टेबलावर बसवण्यात आले.

शेवटी राहिली बस. फोंड्याहून कंपनीची बस सव्वासहाला निघायची आणि बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे वेर्ण्याला जायची. जून उजाडला आणि पावसाने रस्त्याची चाळण केली, तसा बसमधला पाऊण तास लॅबमधल्या आठ तासांपेक्षा जड जाऊ लागला. चौतिसाव्या आठवड्यापासून नवरा गाडीने सोडू लागला. त्याला ते जमण्यासारखे होते, सगळ्यांच्या नवऱ्यांना जमेलच असे नाही. म्हणून सांगते की कामाचा विचार करताना घर ते काम हे अंतरही कामातच धरावे.

आता तुमच्या मनातला प्रश्न, की एवढे सगळे सोडले तर मग घरीच का नाही बसलीस? त्याचे उत्तर हिशेबाचे आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. (आधीची दोन मुले हयात असतील तर ती बाराच आठवडे मिळते.) या सव्वीसपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. पण ही आठ आठवड्यांची रजा वेगळी मिळते असा अनेकींचा समज असतो, तसे नाही. डबा एकच आहे, आधी खाल्ले ते नंतर कमी होते. माझी तारीख ६ ऑगस्ट होती. मी ११ जूनपासून रजेवर गेले असते तर ९ डिसेंबरला रजा संपली असती आणि तेव्हा बाळ चार महिन्यांचे असते. मी २१ जुलैपासून रजा घेतली, मुलगी २ ऑगस्टला झाली आणि १८ जानेवारीला रजा संपली तेव्हा ती साडेपाच महिन्यांची होती. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे असे सगळे सांगतात. त्या दृष्टीने ते सव्वा महिन्याचे अंतर मला फार मोलाचे वाटले. आमच्या कार्यालयातले एक साहेब मात्र "आठ आठवडे आधीच जा, म्हणजे आम्हाला बदलीचा माणूस बघायला सोपे" असे वारंवार सुचवत होते. आधी किती आठवडे घ्यायचे हे ठरवणे त्यांचे काम नव्हते.

ओटी भरली की काम बंद, या रीतीला मी हसत नाही. गाडीघोडा नव्हता, डॉक्टर दूर होता, आणि सासरच्या कामातून सुटका व्हायची तर बाईला माहेरी नेण्यासाठी असा एखादा विधीच लागायचा. त्या काळात ती रीत म्हणजे रजेचा कायदाच होता म्हणा. पण "घरी बसणे" हा शब्द आपण फार सैल वापरतो, काकू. रजेच्या पहिल्या चार दिवसांत मी घरी किती बसले ते आठवून बघितले तर उत्तर फारसे नाही असे येते. मी घरी आहे म्हटल्यावर सकाळची चपाती माझ्याकडे आली, बांगडे साफ करायचे काम आले, कोणीतरी चवथीच्या आधी माळा आवरून घेऊ म्हणाले. चौथ्या दिवशी माझे पाय लॅबमध्ये कधी सुजले नव्हते तितके सुजले. तुमच्याकडे असे होत नसेल, पण मुलगी घरी आली तर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तिचे किती तास जातात तेही मोजायला हवेत. याउलट, सगळे ठीक असताना नुसते अंथरुणावर पडून राहिल्याने वेळेआधीची प्रसूती टळते असे दिसून आलेले नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

जिथे तुमचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे ती जागा वेगळी आहे. रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली सरकलेली असेल, गर्भाशयाचे तोंड आखूड झाले असेल, जुळे असेल, आधी वेळेपूर्वी प्रसूती झालेली असेल, तर माझा लेख तिच्यासाठी नाहीच; तिथे डॉक्टर विसाव्या आठवड्यात थांब म्हणाले तरी थांबायचे. आणि सगळे सुरळीत असतानाही रक्त गेले, पाणी गेले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा व हात एकाएकी सुजले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर शिफ्ट संपायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचे. अशी अडचण नसलेल्या बाईने प्रसूतीपर्यंत काम करायला सहसा हरकत नसते, असेच आज बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. तासन्‌तास उभे राहणे, जड उचलणे आणि रात्रपाळी यांचा वेळेआधीच्या प्रसूतीशी संबंध आढळला आहे. तो मोठा नाही, पण उभ्याचे काम टाळता येत असेल तर ते का करायचे?

म्हणून तुमच्या मुलीबद्दल माझे मत असे आहे. पहिल्यांदा थांबायला हवी ती स्कूटर, रिसेप्शन त्यानंतर. सातव्या महिन्यानंतर पोटामुळे तोल बदलतो, आणि म्हापशाकडून कळंगुटला जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या कशा चालतात ते तुम्ही जाणताच. दुसरे म्हणजे रात्री अकराला सुटणारी पाळी असेल तर ती. तिसरे, काउंटरमागे एक उंच स्टूल. पाहुण्यांसमोर बसलेले चांगले दिसत नाही असे तिला सांगितले जाईल, आणि ती स्वतःही तसे म्हणेल.

इथे तिच्या बाजूने कायदा आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या चौथ्या कलमात असलेल्या तरतुदीनुसार, अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती रजेवर गेली नसेल तर तेही दिवस, तिने विनंती केल्यास मालकाला तिला कष्टाचे किंवा बराच वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि तिच्यातही ही तरतूद आहे. म्हणजे साधारण शेवटचे दहा आठवडे, आणि तुमच्या मुलीचे ते आता सुरू होत आहेत. अट एकच, की विनंती तिने करायला हवी. न मागता हे मिळत नाही. ती कंत्राटावर असली तरी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झाले असेल तर रजेचा हक्क आहे, आणि गरोदर आहे म्हणून काढून टाकणे बेकायदा आहे. सीझन संपला की माणसे कमी करण्याची हॉटेलांची सवय पाहता हे आधीच माहीत असलेले बरे. पगार २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर रजेचे पैसे हॉटेलकडून न येता ईएसआयकडून येतात. त्यासाठी आधीच्या दोन (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) वर्गणी कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी जमा झालेली असावी लागते. पगाराच्या पावत्या तिने आजच काढून ठेवाव्यात.

जबाबदार कोण, असे तुम्ही विचारले होते. अर्धवट लेख लिहिला याची जबाबदारी माझी आहे आणि मूळ लेखाच्या सुरुवातीला मी या उत्तराचा उल्लेख केला आहे. शेवटची तारीख मात्र तुमच्या मुलीने तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. पुढच्या तपासणीला "काम करू का?" एवढेच विचारले तर "करा" एवढेच उत्तर येते. किती तास उभी असते, कशाने जाते, किती वाजता परतते, हे सांगून विचारायला तिला सांगा.

अर्जाचा मजकूर मी माझ्या जुन्या कागदांतून काढून खाली देते. तिने तो दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

"मी गरोदर असून माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. प्रसूती लाभाच्या तरतुदींनुसार मला आजपासून बराच वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये आणि बसून करता येईल असे काम द्यावे, ही विनंती. प्रसूती रजेची तारीख मी स्वतंत्रपणे कळवीन."