मूळ मूर्ती आमच्या परळला आहे

माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सारे तरुणपण परळच्या चाळीत आणि गिरणीच्या पाळ्यांमध्ये गेले. पुढे आमचे बिऱ्हाड डोंबिवलीला आले. मुंबईचा प्रत्येक रस्ता त्यांना तोंडपाठ आहे. परंतु छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दारातून आत जाण्याचा योग त्यांना वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत आला नव्हता. कुणी अडवले नव्हते. ती इमारत शिकलेल्या लोकांची आणि बाहेरगावच्या पाहुण्यांची, असे त्यांच्या मनाने कधीतरी ठरवून टाकले होते. गेल्या हिवाळ्यात मी हट्टाने त्यांना घेऊन गेले. परळच्या शिवप्रतिमेची प्लास्टरमधली प्रतिकृती त्यांच्यासमोर आली, तेव्हा ते एकदम थांबले आणि म्हणाले, “अगं, ही नक्कल आहे. मूळ मूर्ती आमच्या परळला आहे, बारादेवीच्या देवळात.”

ते अगदी खरे होते. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शिल्प १९३१ साली परळमध्ये रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून वर आले आणि आजही ते बारादेवीच्या देवळात पूजेत आहे. एकाच शिळेत सात शिवरूपे आहेत. मधल्या उभ्या शिवाच्या मागून वर दुसरा, त्याच्याही वर तिसरा आणि खांद्यांच्या मागून दोन्ही बाजूंना आणखी काही रूपे, जणू एका बुंध्याला फांद्या फुटत जाव्यात तशी निघालेली. पायथ्याशी वाद्ये घेऊन बसलेले गण आहेत. अण्णांनी ते शिल्प देव म्हणून पाहिले होते. ते कसे सापडले, हे चाळीतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. शिल्प म्हणून त्याच्याकडे पाहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. शेजारी उभ्या असलेल्या दोन महाविद्यालयीन मुलांना ते पंधरा मिनिटे त्या मूर्तीविषयी सांगत राहिले आणि ती मुलेही मन लावून ऐकत राहिली.

त्या दिवसापासून जे मनात घोळते आहे, ते येथे लिहिते आहे. आपल्या शहरातली संग्रहालये आपण प्रत्यक्षात दोनदाच पाहतो. एकदा शाळेच्या सहलीत, जोडीने रांगेत चालत, “हात लावू नका” हे ऐकत. आणि दुसऱ्यांदा परगावचे नातेवाईक आल्यावर, गेटवे आणि राणीची बाग यांच्या मधल्या दोन तासांत. दोन्ही वेळा पाहण्यापेक्षा उरकण्याकडेच लक्ष असते. मला मनापासून वाटते, की संग्रहालय हे गावातल्या ग्रंथालयासारखे वापरायला हवे. ग्रंथालयात आपण एका दिवसात सगळी कपाटे वाचून काढत नाही. एक पुस्तक घेतो, परत येतो, दुसरे घेतो. संग्रहालयातही एका फेरीला एक दालन, किंबहुना एकच वस्तू, पुरेशी असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण भायखळ्याला आहे. रविवारी राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पेंग्विन पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्याजवळ उघड्यावर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव दिले, ते याच हत्तीवरून. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला. उचलताना त्याचे तुकडे झाले, म्हणून तो गेला नाही. ते तुकडे येथे आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. त्याच्या अंगावरचे सांधे आजही दिसतात. एका बेटाला जगभर ओळख देणारा हा प्राणी आपल्या लोकलच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि बहुतेक लोक त्याच्या सावलीत बसून डबा खातात. हा कोण, कुठला, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

याच बागेत खरा काळा घोडाही आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा १९६५ साली फोर्टमधून हलवून येथे आणला गेला. ज्याच्यामुळे त्या परिसराला नाव मिळाले तो घोडा भायखळ्यात, आणि नाव मात्र मागे तिकडेच राहिले. २०१७ मध्ये काळा घोडा चौकात स्वाराविना नवा घोडा उभा राहिला, तो मला आवडतो. पण मूळ घोडा पाहिल्यावाचून त्या रिकाम्या पाठीचा अर्थ पूर्ण कळत नाही.

संग्रहालयाच्या इमारतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्यामागचा माणूस आपण फार थोडा ओळखतो. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी (१८२२ ते १८७४), हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. ते गरिबांना मोफत औषध देत, कुष्ठरोगावर उपचार शोधत, आणि अजिंठ्याचे शिलालेखही वाचत. १८५७ च्या धामधुमीत फोर्टमधले जुने संग्रहालय लष्कराने रिकामे करून घेतले आणि वस्तूंची वाताहत झाली. त्यानंतर नवे संग्रहालय उभारण्यासाठी ज्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी होते. १८६२ मध्ये कोनशिला बसली, १८७२ मध्ये दारे उघडली. नाव अर्थात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे पडले. भाऊ दाजींचे नाव लागायला १९७५ साल उजाडले. पुढे इमारतीची दुरवस्था झाली, आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय वर्गणीतून उभे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या शहरात गणपतीच्या वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरणारी मुले आहेत, त्या शहराला हे परके का वाटावे?

आत पूर्वीच्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत, पगड्यांचे प्रकार आहेत, जहाजांच्या आणि होड्यांच्या प्रतिकृती आहेत, शहराचे जुने नकाशे आहेत. मी तेथे पहिल्यांदा गेले तेव्हा दीड तासात सगळे पाहिले आणि घरी येईपर्यंत विसरले. दुसऱ्या वेळी फक्त नकाशांपाशी थांबले. सात बेटांमधल्या खाड्या बुजवत बुजवत हे शहर कसे जोडले गेले, हे शाळेत पाठ केले होते; पण पावसाळ्यात नेमके कोणत्या भागांत पाणी तुंबते, याचा विचार मनात ठेवून तो नकाशा पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला.

कलादालनांच्या बाबतीत संकोच आणखी मोठा आहे. मी फोर्टमध्ये सहा वर्षे नोकरी केली. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरून रोज जात होते आणि एकदाही आत गेले नाही. तिकीट बरेच असेल, चित्रांतले आपल्याला काय कळते, कुणी काही विचारले तर काय सांगायचे, असे सगळे मनात येई. तिकीट नाहीच, हे मला फार उशिरा कळले. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे दालन पहिल्यापासून सगळ्यांसाठी आहे. आठवड्याला तेथे प्रदर्शने बदलतात आणि चित्रांच्या शेजारी खुर्चीवर बहुधा स्वतः चित्रकार बसलेला असतो. त्याने या भिंतींसाठी कित्येक वर्षे वाट पाहिलेली असते. आपण “हा रंग असा कसा आला?” एवढे विचारले, तरी त्याचा चेहरा खुलतो. चित्र ‘कळणे’ ही अट कुणी घातलेली नाही. गाणे ऐकताना आपण राग ओळखता आलाच पाहिजे असे म्हणत नाही. मग चित्रासमोर उभे राहताना एवढे दडपण कशासाठी? समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या १९११ सालच्या वास्तूत. वस्तुसंग्रहालय ज्याने रचले त्याच जॉर्ज विटेटची ही वास्तू. तेथे जिना चढत चढत एकेक मजला पाहायचा असतो; अण्णांच्या गुडघ्यांमुळे आम्ही ते पुढच्या वेळेवर ठेवले आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत, आणि त्या लोकांच्या उदासीनतेच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. कला आणि इतिहासाची जुनी, मोठी संग्रहालये भायखळ्यात किंवा त्याच्या दक्षिणेला आहेत. माणसे मात्र आता ठाणे, कल्याण, वसई, पनवेलला राहतात. डोंबिवलीहून निघायचे तर रविवारचा मेगाब्लॉक, दोन लहान मुले आणि एक वृद्ध माणूस यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय चालवले आहे, त्याचे मला फार कौतुक आहे. पण उपनगरांतल्या प्रत्येक महापालिकेने आपल्या नाट्यगृहाच्या आवारात एक तरी नीट प्रकाश असलेले, नियमित उघडे राहणारे दालन का ठेवू नये? आणि पाट्या. एका दालनात अण्णांनी ‘मृण्मय’ हा शब्द तीनदा वाचला आणि मला अर्थ विचारला. भाजलेल्या मातीची, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “मग तसेच लिहायचे ना.” त्यांना ती वस्तू क्षणात समजली होती, अडसर शब्दाचा होता. वस्तूखालची मराठी पाटी इंग्रजी पाटीचा शब्दशः अनुवाद म्हणून न लिहिता, अण्णांसारखा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिली, तर कितीतरी माणसे त्या काचेसमोर दोन मिनिटे अधिक थांबतील.

येत्या महिन्यात आम्ही पुन्हा भायखळ्याला जाणार आहोत. या वेळी फक्त दगडी हत्ती आणि होड्यांच्या प्रतिकृती, एवढेच ठरवले आहे. माझ्या मुलाला पेंग्विन पाहायचे आहेत, तेही नंतर पाहू. अण्णांनी आपल्या जुन्या चाळीतल्या दोन मित्रांना फोन करून बोलावले आहे. ते दोघेही परळचेच, आणि त्या संग्रहालयात अजून एकदाही गेलेले नाहीत.