ओव्हनमधला साबण: ‘तयार’ हा शब्द माझा, सूर्यफुलाचं तेल तुमचं

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले असते तर तापलेल्या डोक्याने काहीतरी लिहून गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले. त्या दोन दिवसांत माझा जुना लेख दोनदा वाचला, वही काढून सगळे हिशोब पुन्हा मांडले. त्यात तुमची एक तक्रार शंभर टक्के खरी निघाली, एक अर्धी खरी, आणि बाकीच्यांवर मला बोलायचंय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ताईंनी माझ्या कृतीने साबण केला आणि साचा ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी बघतात तर वडी मधोमध फुगलेली, वर लांबच लांब भेग, कडेने तेल सुटलेलं. तरीही कापून वापरून पाहिला, तर वडी मऊच आणि हात चुरचुरले. जिभेच्या टोकाला लावला तर झटका बसला. त्यांचं म्हणणं असं: माझ्या प्रमाणात कॉस्टिक सोडा जास्त आहे, ओव्हनमुळे साबण दुसऱ्या दिवशी तयार होतो हे थोतांड आहे, ज्या ओव्हनमध्ये केक भाजायचा त्यात कॉस्टिक ठेवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि हाताशी व्हिनेगर ठेवा एवढी साधी सूचनाही मी दिलेली नाही. ‘त्यापेक्षा कॉस्टिक नसलेला नैसर्गिक साबण करायला शिकवा’ हा शेवटचा टोला.

आधी माझी चूक. लेखात मी लिहिलं होतं, ‘साचा ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी साबण तयार.’ मला म्हणायचं होतं ते असं: ओव्हन रिकामा असताना ७५-८० अंशांपर्यंत तापवायचा, बंद करायचा, मग त्यात साचा ठेवायचा आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. ‘बंद करायचा’ हे दोन शब्द माझ्या बोटांतून निसटले. वर्षानुवर्षं एकच गोष्ट करत आलं की सर्वात महत्त्वाची पायरीच सांगायची राहते, कारण ती आपल्याला पायरी वाटतच नाही. तुम्ही वाचलंत तसं केलंत. त्या भेगेचं पाप माझ्या माथी.

ओव्हन चालू राहिला की काय होतं ते सांगते. तेल आणि कॉस्टिक यांची क्रिया स्वतःच उष्णता बाहेर टाकते. साच्याच्या मध्यभागी ती कोंडून राहते, त्यामुळे आतला साबण बाहेरच्या हवेपेक्षा गरम असू शकतो. त्यात ओव्हनचा काटा ८० वर असला तरी आतलं तापमान ८० वर स्थिर नसतं. कॉइल लाल होते, तापमान चढतं, मग ती बंद होते, उतरतं, पुन्हा चालू. बऱ्याच घरगुती ओव्हनमध्ये हा चढउतार चांगला मोठा असतो. एकदा आत वेगळा थर्मामीटर टांगून बघा, काटा दाखवतो ते आणि प्रत्यक्षातलं यांचं किती जमतं ते कळेल. साबणातलं पाणी उकळीच्या जवळ गेलं की वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते, ती वरचा थर फोडते. तेल सुटतं तेही त्याच गडबडीत. बंद केलेला ओव्हन हळूहळू निवत जातो, त्यामुळे ही वेळ सहसा येत नाही. ओव्हनचं काम इथे शिजवायचं नाहीच, साच्याभोवती गोधडी गुंडाळायचं आहे. (मधाचा साबण असेल तर मी ही गोधडीही घालत नाही. साखरेने तो आपला आपणच इतका तापतो की त्याला थंडच ठेवावा लागतो.)

सगळं नीट जमलं तर काय दिसतं तेही सांगते. साचा आत ठेवल्यावर पाऊण-एक तासाने काचेतून बॅटरी मारून बघायचं. पांढरट पिवळ्या पृष्ठभागाच्या मधोमध एक गडद डाग उमटलेला असतो, व्हॅसलिन चोपडल्यासारखा ओलसर, अर्धपारदर्शक. तो हळूहळू कडांकडे सरकतो आणि कोपऱ्यांना सगळ्यात शेवटी पोचतो. याला जेल म्हणतात. ओव्हन न वापरता साचा नुसता ओट्यावर ठेवला तर बऱ्याचदा हा डाग मध्येच थांबतो आणि वडी कापल्यावर आत गडद गोल, बाहेर फिकट कड असं दिसतं. वापरायला त्याने काही बिघडत नाही, दिसायला मात्र कसंतरीच. ओव्हनने जेल कडेपर्यंत जातं, रंग खुलतो, वडी साच्यातून लवकर आणि सुबक निघते, वर सोड्याची पांढरी भुकटी कमी धरते. ओव्हनकडून एवढंच मिळतं, आणि माझ्या दृष्टीने तेवढं पुष्कळ आहे.

आता ‘तयार’. इथे तुमची तक्रार अर्धी खरी. कॉस्टिक आणि तेल यांची क्रिया ओव्हनच्या उबेत काही तासांत जवळपास पुरी होते, म्हणजे प्रमाण बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी तो साबण हाताला चटका देणार नाही. त्या अर्थाने मी ‘तयार’ म्हटलं. पण तयार होणं वेगळं आणि मुरणं वेगळं. मुरायला चार ते सहा आठवडे लागतातच, ओव्हन असो वा नसो. त्या काळात पाणी उडून जातं आणि साबणाची आतली स्फटिकांची घडण बसत जाते. मी एका वडीवर तारीख कोरून दर रविवारी तिचं वजन करत होते. पहिल्या दिवशी ११८ ग्रॅम, सहाव्या आठवड्यात १०६. नंतर काटा हलेनासा झाला. कोवळी वडी न्हाणीघरात ठेवली तर चार दिवसांत चिखल होतो, तीच मुरलेली महिनाभर पुरते. ‘सहा आठवडे थांबावं लागत नाही’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पण ‘तयार’ वाचून कुणाचाही तसाच समज होईल, हे मान्य.

आता तुमच्या मुख्य आरोपाकडे, म्हणजे कॉस्टिकच्या प्रमाणाकडे.

माझी कृती एक किलो तेलाची: ऑलिव्ह ६०० ग्रॅम, खोबरेल ३००, एरंडेल १००. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. गुणाकार करा: ५४.९, ८१ आणि १२.८. बेरीज १४८.७. त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं आणि कॉस्टिक शिल्लक उरत नाही. आले १४१ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, २८२. लेखात हेच आकडे आहेत आणि ते बरोबर आहेत.

मग तुमचे हात का चुरचुरले? उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे, तिसऱ्या ओळीत, जाता जाता लिहिलेलं: ‘खोबरेल संपलं होतं म्हणून तेवढंच सूर्यफुलाचं घेतलं.’

ताई, घोळ तिथेच झाला. सूर्यफुलाला ग्रॅममागे ०.१३५ च कॉस्टिक लागतं. ३०० ग्रॅमला ४०.५. म्हणजे तुमच्या तेलांची एकूण भूक १३४.३ ग्रॅम, आणि तुम्ही वाढलंत १४१. पावणेसात ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक त्या साच्यात उपाशी फिरतंय. ते तुमच्या जिभेला भेटलं. खोबरेलातले मेदाम्लांचे (फॅटी ॲसिडचे) रेणू आखूड असतात, म्हणून तेवढ्याच वजनात ते संख्येने जास्त भरतात आणि कॉस्टिकही जास्त खातात. तेल बदललं की गणित बदललंच पाहिजे, मग ते शंभर ग्रॅम का असेना. तुमचा साबण मऊ राहिला ही तक्रारही याच बदलातून आली. कडकपणा आणि भरपूर फेस खोबरेल देतं. सूर्यफुलाचा साबण मवाळ राहतो आणि पुढे लवकर खवटही होतो.

हे मी लेखात ठळक लिहायला हवं होतं का? हो. पण ‘प्रमाण चुकीचं दिलंय’ हे मी मान्य करणार नाही.

ओव्हन आणि अन्न. कॉस्टिक सोडा ३१८ अंशांना वितळतो आणि उकळायला त्याला जवळपास १४०० अंश लागतात. ८० अंशांच्या ओव्हनमध्ये तो उडून भिंतींवर बसत नाही. घसा धरतो तो कॉस्टिक पाण्यात विरघळवताना उठणारा फवारा, कारण ते पाणी बघता बघता ८०-९० अंशांवर जातं. ते काम ओव्हनमध्ये नाही, उघड्या खिडकीशी करायचं, आणि नेहमी कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. ओव्हनमध्ये खरा धोका सांडण्याचा आहे, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. ओव्हनसोबत येणारा ट्रे बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. साच्याखाली स्टीलचं ताटच ठेवा. साबणाची भांडी, चमचे, ब्लेंडर स्वयंपाकात परत न्यायचे नाहीत, हा माझ्याकडे न मोडणारा नियम आहे.

आणखी एक अपघात आहे, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. एकदा साचा आत मुरत असताना माझ्या मुलाने केकसाठी ओव्हन २०० वर लावला. आत डोकावून बघायची त्याला काय गरज? जळक्या तेलाच्या वासाने मी धावत गेले तोवर प्लॅस्टिकचा साचा वाकून खालच्या जाळीला चिकटला होता. ओव्हन साफ करायला आख्खी दुपार गेली. तेव्हापासून ओव्हनच्या बटणावर कागद चिकटवल्याशिवाय साचा आत जात नाही, आणि साचा सिलिकॉनचा किंवा कागद लावलेला लाकडाचाच.

व्हिनेगर मी मुद्दाम लिहिलेलं नाही. अंगावर कॉस्टिक उडालं की वाहत्या पाण्याखाली धरायचं, किमान पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर शोधण्यात पहिली मोलाची मिनिटं जातात, आणि आम्ल-अल्काची (ॲसिड-अल्कलीची) क्रिया आणखी उष्णता काढते, ती भाजलेल्या कातडीवरच. डोळ्यात गेलं तर पाणी मारत राहायचं आणि थेट डॉक्टर. ओटा पुसायला व्हिनेगर खुशाल वापरा.

‘कॉस्टिक नसलेला साबण’ या विषयावर मी थोडी चिडखोर आहे, आधीच माफ करा. तेलाचं मेदाम्ल आणि ग्लिसरीन असं विभाजन होतं आणि त्या मेदाम्लाचा क्षार म्हणजे साबण, हे मिशेल यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडून दाखवलं, त्याचा ग्रंथ १८२३ सालचा. (हा गृहस्थ वयाच्या १०२ वर्षांपर्यंत जगला, साबणामुळे की काय कोण जाणे.) त्याआधी लोक लाकडाच्या राखेचं पाणी वापरायचे, तेही अल्कच. वितळवून साच्यात ओतायचा तयार बेस मिळतो, तो वापरायला माझी काही हरकत नाही. लहान मुलांबरोबर करायला तोच बरा. पण त्यातल्या खऱ्या साबणासाठी कॉस्टिक कुणीतरी आधीच हाताळलेलं असतं. झालेल्या साबणात ते उरत नाही, मोजून घातलं असेल तर.

आता तुमच्या वड्यांचं काय करायचं? टाकू नका. नुसत्या ठेवून दिल्या तरी आतलं कॉस्टिक आपोआप जाणार नाही, त्याला तेल द्यावं लागेल. हातमोजे आणि चष्मा घालून सगळ्या वड्या किसा, सुटलेलं तेलही त्यातच घ्या. स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात भरा, भांडं अर्ध्याहून जास्त भरलेलं नको, कारण हा प्रकार दुधासारखा वर येतो. त्यात ७७ ग्रॅम खोबरेल घाला. सूर्यफुलाचं नको, खोबरेलच. एवढ्याने शिल्लक कॉस्टिकही संपतं आणि पाच टक्के तेलाची मोकळीकही परत मिळते. दोन-तीन चमचे पाणी शिंपडा. इथे मात्र ओव्हन चालूच ठेवायचा, ९० अंशांवर, आणि दर वीस मिनिटांनी भांडं काढून ढवळायचं. दीड-दोन तासांत सगळं एकजीव, व्हॅसलिनसारखं होईल. चिमूटभर थंड करून जिभेच्या टोकाला लावा. साबणाचीच चव लागली तर साच्यात दाबून भरा. झटका बसला तर आणखी अर्धा तास. दिसायला ओबडधोबड होईल, ते सोडून द्या. मग चार आठवडे मुरू द्या.

लेखातलं वाक्य मी आजच बदललंय. ‘तयार’ काढलं, ‘ओव्हन बंद करून’ घातलं, तेल बदलण्याबद्दल एक परिच्छेद वाढवला.

किसायला बसण्याआधी मला एक कळवा: तुमचा काटा एकेक ग्रॅम दाखवतो की पाच-पाचच्या उड्या मारतो? उड्या मारत असेल तर तुमचे १४१ ग्रॅम प्रत्यक्षात १४४ सुद्धा असू शकतात, आणि मग ७७ ग्रॅम खोबरेल पुरणार नाही, नवा हिशोब मांडावा लागेल.