ओपन सोर्सचा धंदा काढताय? मग एवढं वाचाच

मागच्या आठवड्यात एका बॅकअप सॉफ्टवेअरच्या सपोर्टने आमचं तिकीट चार दिवसांनी बंद केलं. चार दिवस नुसते लॉग मागवले, मग म्हणाला सर ओएस-रिलीज फाइल (मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते सांगणारी) दाखवा, दाखवली, त्यात 'रॉकी' (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट नक्कल) दिसलं आणि गड्याचा जीव भांड्यात पडला. "नॉट सर्टिफाइड, सर." झालं, विषय संपला. तेव्हाच ठरवलं, सर्व्हर सांभाळण्यात काही राम नाही, एंटरप्राइज लिनक्सची, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरसाठीच्या लिनक्सची, कंपनीच काढावी. तुम्हालाही काढायची असेल तर थोडे फुकटचे सल्ले.

पहिलं म्हणजे फुकटात वापरणाऱ्यांवर जीव लावा. रेड हॅटने 2014 मध्ये सेंटओएसला, म्हणजे 'रेल' (आरएचईएल) या आपल्याच पैसे देऊन घ्यायच्या लिनक्सच्या फुकट नकलेला, कसं मायेने घरात घेतलं, तसं. लोकांना सवय लागू द्या. मग तारीख द्या. सेंटओएस 8 चा सपोर्ट 2029 पर्यंत, असं चक्क लिहिलेलं होतं हो, त्या तारखेवर आम्ही मॅनेजरकडून मायग्रेशनची परवानगी काढली, शनिवार-रविवार घालवले, एकेक सर्व्हर हलवला, आणि 8 डिसेंबर 2020 ला कळलं की 2021 संपलं की सेंटओएस 8 पण संपलं. सात-साडेसात वर्षं गेली कुठे? सेंटओएस स्ट्रीम (रेलमध्ये पुढे येणारे बदल जिथे आधी येतात ते) वापरा म्हणे. जे रेलच्या मागून यायचं ते आता रेलच्या पुढे धावणार, आणि प्रॉडक्शनवाल्याने (खऱ्या कामाचे सर्व्हर चालवणाऱ्याने) ते आनंदाने घ्यायचं! मॅनेजरला काय सांगितलं ते विचारू नका.

दुसरं, लायसन्स मोडू नका, वाकवा. जीपीएल (लिनक्सचं मोकळ्या कोडचं लायसन्स) म्हणतं, ज्याला बायनरी (चालवायला तयार प्रोग्रॅम) दिली त्याला सोर्स (मूळ कोड) द्या, आणि त्याला तो पुढे वाटायचा हक्क आहे. द्या की! फक्त करारात लिहून ठेवा, वाटलास तर तुझं सबस्क्रिप्शन बंद होऊ शकतं. हक्क शाबूत, माणूस गप्प. जून 2023 मध्ये रेड हॅटने रेलचा सार्वजनिक सोर्स फक्त स्ट्रीमपुरता ठेवला तेव्हा हेच कलम सगळ्यांनी भिंग लावून वाचलं.

रीबिल्ड करणाऱ्यांना (तुमच्याच सोर्सवरून फुकट नक्कल बांधणाऱ्यांना) 'तुम्ही भर काय घालता' असं विचारा. स्वतःचा कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठून आला ते विचारू नका.

प्रतिस्पर्धी असाल तर ताबडतोब संत व्हा. 2010 मध्ये ओपनसोलारिस ही मोकळ्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम गुंडाळणाऱ्या ओरॅकलने 2023 मध्ये मोकळ्या कोडवर प्रवचन दिलं, सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीने रेलच्या फोर्कसाठी (त्याच्या कोडवरून वेगळी आवृत्ती काढण्यासाठी) 1 कोटी डॉलर जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये दोघं सीआयक्यूला (रॉकीमागच्या कंपनीला) घेऊन ओपनईएलए ही रेलशी जुळणाऱ्या मोकळ्या सोर्ससाठीची संघटना काढून मोकळे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोडगोड. रेड हॅटची माणसं कर्नलमध्ये ढीगभर काम करतात, बग निस्तरतात, त्याचे पैसे मागण्यात काहीच चूक नाही. मग सरळ मागा ना! आधी तारीख द्यायची, लोक हलले की ती फिरवायची, हक्क द्यायचा आणि वापरला की दार दाखवायचं, याला धंदा नाही, लबाडी म्हणतात. आणि सपोर्टवाल्यांनो, तुम्ही तर बोलूच नका. ओएसचं नाव वाचून तिकीट बंद करायला इंजिनियर कशाला लागतो? तुमच्या इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये पाथ चुकलाय, ओळ नंबर दोनदा लिहून पाठवलाय. उघडा ते तिकीट परत.