काका, तुम्हीच बोलून घ्या न

त्रेचाळिसाव्या वर्षी एमबीएला ॲडमिशन घेतली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "फी भरलीच आहे तर आता पास तरी व्हा." हिंगणा एमआयडीसीत स्टोअरमध्ये वीस वर्षं माणसं सांभाळून राहिलो, पण वरच्या पोस्टला डिग्री लागते म्हणे. म्हणून दिवसा बारा जणांचा साहेब आणि संध्याकाळी लोकमान्य नगरहून मेट्रो पकडून सीताबर्डीला उतरलो की शेवटच्या बाकावरचा काका. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळे पोट्टे उभे राहिले, मीपण मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

फेयॉल नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता, कोळशाच्या खाणी चालवायचा, त्यानं १९१६ मध्ये मॅनेजमेंटची १४ तत्त्वं सांगितली. त्यातलं एक, माणसाला साहेब एकच असावा. हे मी मे महिन्यात ४५ डिग्रीत पाठ करून राहिलो होतो तर आई म्हणे कूलरमधी पाणी टाक आधी, बायको म्हणे पाणी राहू द्या, आधी ताट्या बदला, वास येऊन राहिला, आणि मी बादली घेऊन मधोमध उभा. बादलीतलं अर्धं पाणी फेयॉलवर सांडलं. चौदापैकी सहाच तत्त्वं वाचता येण्यासारखी उरली.

पण खरी परीक्षा ग्रुप प्रेझेंटेशनची. चार पोट्टे आणि मी. विषय टकमन नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं मॉडेल. टीम कशी तयार होते याच्या त्यानं १९६५ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या. पहिली फॉर्मिंग म्हणजे टीम जमणं, आमच्यात दोन दिवस फक्त व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आणि डीपी ठरवण्यात गेले. दुसरी स्टॉर्मिंग म्हणजे भांडणं, आणि भांडण कशावरून तर स्लाइडचा बॅकग्राउंड निळा का काळा, रात्री दीड वाजेपर्यंत टुंग टुंग, बायकोनं शेवटी फोन गव्हाच्या कोठीत ठेवला. तिसरी नॉर्मिंग, कोणाचं काम काय ते ठरणं. ते तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दोन मिनिटांत ठरलं. एक जण बोलणार, एक स्लाइड बदलणार, दोघं बाजूला उभे राहणार, प्रिंटआउट काका काढणार. पोह्याचे पैसे कोणी द्यायचे तेही त्याच पायरीवर ठरून गेलं.

चौथी परफॉर्मिंग, म्हणजे प्रत्यक्ष काम. बोलणारा आलाच नाही. "काका, तुम्हीच बोलून घ्या न, तुम्हाला अनुभव आहे." बोललो बावा. घाम एवढा की हातातला कागद मऊ पडला. सरांनी उदाहरण विचारलं तर आमच्याच ग्रुपचं देऊन टाकलं, निळा-काळासकट, वर्ग हसला, सरपण हसले. मग म्हणाले, तुमच्या ग्रुपचा लीडर कोण? तिघांनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं. तीन आठवड्यांत पहिलं एकमत.

टकमननं १९७७ मध्ये पाचवी पायरी जोडली, ॲडजर्निंग, काम झालं की टीम मोडते. जाताना मेट्रोत बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं, "प्रिंटआउटचे १८० झाले, प्रत्येकी ३६." झाशी राणी चौक गेला, शंकर नगर गेलं, सुभाष नगर आलं तरी कोणाचं हूं नाही की चूं नाही. चष्मा लावून नीट पाहिलं. माझ्या मेसेजच्या आधीच चौघंही ग्रुप सोडून गेले होते, आणि खाली बारीक अक्षरात लिहून होतं, तुम्ही आता ॲडमिन आहात.